शनीमामांचं कडं

हडंबा सुरू असला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. हडंबा म्हणजे आमच्याकडचं मळणीयंत्र, ट्रॅक्टरच्या मागे जोडून चालतं. त्यामुळे हडंब्यावर काम करणाऱ्या शनीमामांना काही विचारायचं असलं की ते आधी हडंबा बंद करायचे. दहा-बारा माणसं सोयाबीनच्या गंजीवर घामाघूम झालेली, कुटार म्हणजे भुसा वाऱ्यावर उडतोय, बाया पोत्यांची तोंडं धरून बसलेल्या, आणि मध्येच सगळं थांबायचं. सगळ्यांना वाटायचं पट्टा तुटला, नाहीतर कुणाचा हात गेला. मामा डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "मले एक सांगा. बुधाले एकबी चंद्र नाई, अन् शनीले ढीगभर. हे काहून?"

"बुधाचं माईत नाई मामा, पन बेस्तरवारी बाजार हाय अन् त्याच्या आंधी हे पोते भरा लागते," असं कुणीतरी म्हणायचं.

मामा मान हलवायचे. तेही एक उत्तरच आहे आणि त्याचा विचार करायला हवा, अशा थाटात. मग हडंबा पुन्हा सुरू.

त्यांचं खरं नाव नामदेव, घर आमच्या घराला लागून. शनीमामा हे गावानं चिडवायला ठेवलेलं. आमची वस्ती शिरपूरपासून चालत अर्ध्या तासावर. तिथं दिवेलागणीला शनीचं नाव कुणी तोंडात आणत नाही. साडेसाती लागलेला माणूस दर शनिवारी तेल वाहतो, आणि ज्याला लागली नाही तो लागू नये म्हणून वाहतो. आणि हा माणूस अंगणात उभा राहून आभाळाकडे बघत म्हणायचा, "आला का बाप्पा? ये." जसा काही बसमधून सासुरवाडीचा पाहुणा उतरलाय. शेजारची म्हातारी चिडायची. "लोकं त्याले जा म्हनतेत अन् हा बयाडा ये म्हनते."

"अवं बुढे," मामा म्हणायचे, "तठून उजेडाले अठी याले सव्वा घंटा लागते. त्याची साडेसाती तुयापाशी पोचेलोग तू कायले राह्यतं?"

सव्वा तासाचा हिशेब त्यांना मीच सांगितला होता. त्यांनी तो म्हातारीवर वापरला.

मामांचं सगळं ज्ञान हडंब्याच्या हत्यारांच्या पेटीत होतं. पान्यांच्या खाली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं भूगोलाच्या जुन्या पुस्तकाचं एक पान. कधीतरी एका गुरुजींची तूर काढून दिली तेव्हा गुरुजींच्या घरच्या रद्दीतून मिळालेलं. मामांची शाळा चौथीत सुटलेली. त्या पानावर नऊ ग्रहांची चित्रं होती. ग्रीसच्या बोटांनी बाकीचे आठ जवळजवळ पुसून गेले होते, शनी मात्र स्वच्छ होता, कारण त्याला मामा फक्त नखाच्या टोकानं दाखवायचे. पानाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की बुध आणि शुक्र यांना उपग्रह नाहीत. पुढचं पान फाटलेलं. का नाहीत, ते त्या फाटलेल्या पानावर असणार, असं मामांनी तीसेक वर्षं धरून ठेवलं होतं. शिरपूरच्या बसस्टँडवर देवळाला आलेले यात्रेकरू उतरले, की त्यातला चष्मा लावलेला माणूस हेरून ते विचारायचे, "साहेब, तुमच्या शायेत भूगोलाचं पुस्तक पुरं होतं का?"

मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे हे प्रश्न म्हणून विचारत नाहीत, दोष म्हणून विचारतात. कुणाच्या बारशाला मामी गेली तर तिच्या हातात पाळण्याची दोरी कुणी देत नसे. ती स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला बसायची, कुणी सांगायच्या आधी. अशाच एका बारशाहून आल्यावर मामा आपल्या ओट्यावर बसले होते. मी सातवीत असेन. ते म्हणाले, "कोन्याले होते, कोन्याले नाई. त्यात त्या ग्रहाचा दोष नाई न वं?" मला हसू आलं. ग्रहाला कसला आलाय दोष? मामी दारात उभी होती, ती हसली नाही. त्या दिवशी मी मामांना म्हटलं, "मी शिकीन अन् ते फाटकं पान आनून देईन." मुलं काहीही बोलतात. मामांनी ते खरं मानलं.

मी त्या वस्तीवरची पहिली पदवीधर. बी. एस्सी., विषय भौतिकशास्त्र. हे मी मोठ्यानं सांगते, ज्याला गर्व वाटायचा त्याला वाटो. माझ्या आईला सही येत नाही, वडिलांना येते पण ते ती कागद न वाचता करतात. वाशिमच्या कॉलेजात मी पहिल्या बाकावर बसायचे, कारण मागून फळा नीट दिसत नव्हता आणि चष्म्याचं घरी सांगायचं धाडस नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी मी बसमधून उतरून वस्तीवर पोचायचे तेव्हा मामा ओट्यावर बसलेले असायचे.

"संगे, आनलं का पान?"

"थोडकसं आनलं, मामा."

मग मी सांगायचे. सूर्य आणि ग्रह एकाच फिरत्या ढगातून झाले. सूर्याजवळ इतकी धग, की तिथं बर्फ टिकला नाही, दगड आणि लोखंडच उरलं. म्हणून जवळचे ग्रह लहान आणि जड. दूर थंडी होती, तिथं बर्फही राहिला, वायूही राहिला, म्हणून तिकडचे ग्रह फुगत गेले.

"म्हंजे हडंबा," मामा म्हणाले. "जड दाना बुडाशी पडला, कुटार दूर उडालं."

"अगदी तसंच नाई मामा, थे उष्णतेमुळं..."

"तू तुयी उष्णता ठेव. मले कुटार समजते." आणि थोडं थांबून, "अन् एकदा मोठा झाला, का मंग त्याचं सोताचं खळं. खळ्याच्या भवताल चंद्रच चंद्र."

मोठ्या ग्रहांभोवती त्यांची स्वतःची वायू-धुळीची तबकडी होती आणि तिच्यातून बरेच चंद्र तयार झाले, हे मी परीक्षेत दोन पानं भरून लिहिलं. मामांनी ते एका खळ्यात बसवलं. बुधाचं त्यांनी याहून सोपं केलं. मी म्हटलं, बुध लहान, त्याची ओढ कमी, आणि शेजारी सूर्य. चंद्र जरा लांब गेला की सूर्य ओढून घेतो. मामा म्हणाले, "पाटलाच्या दारात खोपडं असलेल्या मानसानं गडी ठेवावा कसा? पाटील हाक मारते अन् गडी तिकडं पयते. त्यात त्या मानसाचा काय दोष?" दोष हा शब्द त्यांनी आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटला. आत मामी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मग पृथ्वीच्या चंद्राची पाळी आली. पृथ्वी नवी असताना तिला दुसरा एक गोळा धडकला, त्यातून जे उडालं ते गोळा होऊन चंद्र झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. "म्हंजे कोन्या कोन्याले मार खाऊन भेटते," मामा म्हणाले. मंगळाचे दोन चंद्र म्हणजे दोन लहानसे दगड, ते कदाचित बाहेरून आले आणि मंगळानं धरून ठेवले, पण त्यावर अजून भांडण आहे, असं मी सांगितलं.

"धरून ठेवलेला चंद्रबी चंद्रच न?"

"चंद्रच."

"मंग तू आमचा मंगळाचा चंद्र."

आतून मामी म्हणाली, "चंद्राले आंधी जेवाले येऊ द्या."

कड्याची गोष्ट त्यांना सगळ्यात लवकर कळली. एखादा चंद्र ग्रहाच्या फार जवळ गेला तर त्याच्या अलीकडच्या बाजूला ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी पडते, आणि तो फाटतो. त्याचे तुकडे ग्रहाभोवती फिरत राहतात. ते कडं. चारही मोठ्या ग्रहांना कडी आहेत, पण बाकीच्यांची काळी आणि विरळ. शनीचं बर्फाचं, म्हणून ते चमकतं. हे ऐकून मामांनी आपला डावा हात पुढे केला. त्याची दोन बोटं पेराशी तुटलेली होती. तरुणपणी गंजी लोटताना हात हडंब्याच्या ड्रमजवळ गेला होता. "हे माये चंद्र," ते म्हणाले. "लय जवळ गेलते."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. सरळ सांगते, कारण वळसा घालून सांगितलं तर मीच सुटून जाईन.

दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण लावली होती. सूर्य मावळला की पश्चिमेला शनी दिसायचा. सर वर्गात म्हणाले, "घरच्यांना घेऊन या. गावाकडून कुणाला यायचं असेल तर जरूर आणा." माझ्या डोळ्यांसमोर पहिलं माणूस आलं ते मामा. आणि त्याच क्षणी दुसरंही दिसलं. ग्रीसच्या डागांचा सदरा. तुटकी बोटं. आणि तो आवाज. जन्मभर हडंब्यापाशी बोलून मामांचा आवाज इतका मोठा झाला होता, की ते कुजबुजले तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. गच्चीवर वाशिमच्या मुली असणार होत्या. मामा सरांना विचारणार होते, "साहेब, पाटलाच्या दारात गडी राह्यते का?" मी त्या मुलींमध्ये नुकती कुठे बसायला लागले होते.

मी मामांना कळवलं नाही.

मी एकटी गेले, रांगेत उभी राहिले, डोळा लावला. कडं एवढं उघडलेलं होतं की ग्रह आणि कडं यांच्यामधली काळी फट स्पष्ट दिसत होती. दुधाच्या पिशवीतल्या चित्रात होतं तसंच, फक्त ग्रीस नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागची मुलगी म्हणाली, "झालं का तुझं?"

शनिवारी मामांनी विचारलं, "तुमच्या कॉलेजात दुर्बीन असन न वं?"

"हाय," मी म्हटलं. "पन काच फुटली."

"भरून येन का?"

"माईत नाई."

पुढचे दोन महिने ते त्या काचेची चौकशी करायचे, दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची करावी तशी. मग थांबले. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वर्षी नेऊ. आधी परीक्षा, मग नोकरी, मग आरामात. शनी कुठे पळून जातो?

मी पदवीधर झाले त्याच सुमारास मामा दाराच्या चौकटीला धडकू लागले. डोळ्यात कुटार गेलं असं ते म्हणायचे. आमच्याकडे डोळ्यातलं कुटार जिभेनं काढतात. वस्तीवर गोदाबुढी होती, तिच्या दारात सुगीच्या दिवसांत रांग लागायची. ती पापणी वर करायची, जिभेचं टोक आत फिरवायची आणि तळहातावर काढून दाखवायची, "पाय, हे होतं." मामांच्या डोळ्यातून दर वेळी काहीतरी निघायचं. मामा ते तळहातावरचं कुटार मला दाखवायचे, जसं काही चोर पकडलाय. चार दिवस बरं वाटायचं, मग बाजूनं येणारा बैल दिसायचा नाही, ओट्याची पायरी दिसायची नाही. पुन्हा गोदाबुढी, पुन्हा कुटार.

हडंब्यावरच्या माणसाच्या डोळ्यात कुटार सापडणारच. ते सापडलं म्हणून सगळे निश्चिंत झाले. मीही झाले. मी, बी. एस्सी. पाच सुग्या अशा गेल्या.

शेवटी एकदा त्यांचा उजवा हात ड्रमच्या इतका जवळ गेला की शेजारच्यानं त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं. हडंब्याच्या मालकानं त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं. ते बरोबरच होतं. मी त्यांना अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की काचबिंदू आहे, बाजूची नजर गेली, गेली ती परत येत नाही. मधली जेवढी उरली आहे तेवढी टिकवायला थेंब रोज घाला. फार उशीर झाला आहे.

"म्या समजलो कुटार हाय," मामा म्हणाले. "डोयाच सरून राह्यला होता." मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मधातलं कितीक दिस चालन?"

"सांगता येत नाही, बाबा. थेंब चुकवू नका."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, पण खिडकीबाहेर बघत नव्हते. जऊळक्याच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, "संगे, मले आता शनी दाखव. दुसरं काई दाखवू नको. डाक्टर दाखवू नको, देव दाखवू नको. मधातलं हाय तेवढ्यात थो दाखव."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. सर बदलून गेले होते. कपाटातून दुर्बीण काढली तर तिच्या काचेवर बुरशी पसरलेली. सगळं पांढुरकं. मी ज्या काचेबद्दल खोटं बोलले होते ती आता खरोखरच निकामी झाली होती. पुढचं दीड वर्ष मी दुर्बिणीच्या मागे फिरले. तासिकेवर शिकवते, त्या शाळेत अर्ज केले. ओळखीच्या, बिनओळखीच्या शिक्षकांना फोन केले. एक दुर्बीण मिळणार होती, तेव्हा ढगांनी महिनाभर आभाळ सोडलं नाही. मामी रोज थेंब घालायची आणि दर शनिवारी चोरून तेल वाहायची. मला म्हणाली, "त्यायले सांगजो नोको. इतके वर्सं त्यायनं ये ये म्हनलं, आता म्या हात जोडून म्हनून राह्यली, थांब. त्यायले पाहू दे अन् मंग काय न्याचं थे ने." मामा मला एकच विचारायचे, "भेटली का?" आणि मी नाही म्हटलं की म्हणायचे, "मले अजून तुयं नाक दिसते. कान नाई दिसत. नाक हाय तवलोग घाई कर."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अनसिंगच्या एका ओळखीच्या शिक्षकांनी त्यांच्या शाळेची लहान दुर्बीण दोन दिवसांसाठी दिली. तिचं खोकं मांडीवर घेऊन मी दोन बसगाड्या बदलल्या. मामांनी अंघोळ केली होती, धुतलेला सदरा घातला होता. दिवेलागण झाली तसा मामीनं अंगणातला दिवा लावला आणि लगेच मालवला. शेजारपाजारचे जमले. शनी चांगला वर आलेला होता.

मी आधी डोळा लावला. एक पिवळट गोळा दिसला. कडं नव्हतं.

मला वाटलं दुर्बीण नीट जुळली नाही. मी चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. पाय घट्ट केले. गोळा अगदी स्वच्छ झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी एक रेघ, तीही असल्यासारखी आणि नसल्यासारखी. तेव्हा मला आठवलं. कडं रुंद खूप आहे, पण त्याची जाडी त्यामानानं काहीच नाही. पंधराएक वर्षांनी एकदा ते आपल्याला बरोबर कडेवरून दिसतं, आणि तेव्हा ते दिसतच नाही. हे मी शिकले होते. याच्यावर प्रश्न आला होता आणि मला पूर्ण गुण मिळाले होते. कोणत्या वर्षी ते होणार, हे एकदा बघून घ्यावं एवढं मला सुचलं नव्हतं. शनी खरंच कुठे पळून गेला नव्हता. तो तिथेच होता, आणि त्यानं दार लावून घेतलं होतं.

"आता मले," मामा म्हणाले.

मी त्यांचं डोकं धरून डोळा भिंगाशी नेला. बराच वेळ त्यांना काहीच सापडेना. मग सापडलं. "गोटी हाय," ते म्हणाले.

"हो, मामा."

"गोटी हाय, गोल हाय." आणि मग, "कडं कुठी हाय वं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "शनीमामाचं कडं चोरीले गेलं वाट्टे." दोघं-तिघं हसले. मामीनं वळून बघितलं तसे गप्प झाले.

मी समजावू लागले. माझं मलाच कळत होतं की मी वर्गात बोलतात तशी बोलतेय. मामांनी हात वर करून मला थांबवलं, हडंबा थांबवायचे तसं, आणि मामीला धान्याची मोठी चाळणी आणायला सांगितली. ती त्यांनी डोळ्यासमोर आडवी धरली, नुसता काठ दिसेल अशी.

"अशी झाली न?"

"अशीच."

"कवा फिरन?"

"पुढल्या वर्षी थोडं उघडन. मंग हळूहळू. पुरं उघडाले सहा-सात वर्सं."

त्यांनी चाळणी खाली ठेवली. सात वर्षं हे त्यांनी मनात कशाशी मोजलं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "राहू द्या मामा, आज नाई दिसत."

"दिसत नसन. पन हाय न?"

"हाय."

"मंग पाहू दे."

गोळा भिंगातून सरकून जायचा आणि मी तो पुन्हा आणून द्यायचे. सहा-सात वेळा आणून दिला. माणसं आपापल्या घरी गेली. मामांना जे दिसत नव्हतं ते ते तसेच वाकून बघत राहिले, शेवटी त्यांची कंबर धरली तेव्हा मामीनं त्यांना आधार देऊन बसवलं. बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "पान फाटलं होतं थेच बरं होतं."

यंदा पावसाळ्यात माझं नाकही त्यांना दिसेनासं झालं.

दसरा झाल्यावर त्यांनी मामीकरवी फोन करवला. "दुर्बीन आन." मी म्हटलं, "मामा, आता कायले?" तर पलीकडून त्यांचा तो मोठा आवाज आला, "माया डोयासाठी नाई म्हनत. तू पाह्य. मले सांग."

मी पुन्हा अनसिंगला गेले, पुन्हा खोकं मांडीवर घेतलं. अंधार पडता पडता अंगणात दुर्बीण लावली. मामा ओट्याखाली जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकून. मी डोळा लावला. कडं दिसत होतं. अरुंद, लांबट, पण दोन्ही बाजूंना उघडलेलं.

"उघडलं?"

"उघडलं, मामा."

"कितीक?"

अंशात सांगून उपयोग नव्हता. मी मामीकडून चाळणी मागून घेतली, त्यांच्यापुढे जमिनीवर सपाट ठेवली. "गेल्या वर्षी अशी होती," मी म्हटलं आणि त्यांचा हात चाळणीवरून फिरवला. मग एका बाजूनं काठ उचलला आणि त्यांचा डावा हात त्याच्या खाली घातला. त्या हाताला जी तीन बोटं धड होती ती एकावर एक ठेवून बरोबर मावली.

"तीन बोटं," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं ते मामीला विचारावं. ते तीन बोटं काढायचे, पुन्हा घालायचे. "तीन बोटं उघडलं वं," त्यांनी मामीला सांगितलं.

मग ते म्हणाले, "अन् समद्यात जास्त कितीक उघडते?"

मी काठ वर वर उचलला आणि त्यांचा उजवा हात खाली धरला. त्यांनी अंगठा जमिनीला टेकवला आणि करंगळी ताणून काठाला लावली.

"वीतभर," ते म्हणाले. "लयच झालं. असं कवा झालतं?"

मी खोटं बोलू शकले असते. ते बघू शकत नव्हते. कुठलंही वर्ष सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"मी कॉलेजात होती तवा."

"हूं. तवा मले समदं दिसे. तुयं बसमधून उतरनंबी दिसे फाट्यावरचं." ते काही ठरवून बोलले नव्हते, फक्त आठवत होते.

"मामा," मी म्हटलं, "तवा दुर्बिनीची काच फुटली नव्हती. सर म्हनले होते घरच्यायले आना. म्या तुमाले नाई बलावलं. मले तुमची लाज वाटली."

मामी दारात होती. तिनं तोंडावर पदर धरला. मी वाट बघत होते, मामा काही म्हणतील, शिवी देतील, निदान विचारतील काहून. आयुष्यभर ज्या माणसानं काहून विचारलं, त्यानं ते एवढं एकदा विचारलं नाही. त्यांचा हात चाळणीखाली तसाच ताणलेला होता, करंगळी काठाला लागलेली.

"तुले दिसलं होतं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"दिसलं होतं."

मला चाळणी धरवेना. मी ती सोडली. ती पडली नाही. त्यांनी ती तशीच धरून ठेवली होती, वीतभर उघडी.